बांबू अजून सुकतोय

पोक डोला, म्हणजे आमचे डोलाकाका, ठार बहिरे आहेत, असं याला नावाच्या शहरापासून थेट समुद्रापर्यंत सगळीकडे बोललं जातं. होल्यांसाठी पिंजरे करणारा माणूस, आणि त्यालाच होल्याचं घुमणं ऐकू येत नाही, यात लोकांना काहीतरी फार खोल आहे असं वाटतं. परगावचा कुणी आमच्या कोपऱ्यावर चहाला थांबला की दाटल्या घशाने विचारतो, ते बहिरे कारागीर इथेच राहतात ना? आणि चहावाली त्याच्याहून दाटल्या घशाने वाट दाखवते, कारण असल्या पाहुण्यांमुळे तिच्या रोट्या खपतात.

बहिरेबिहिरे काही नाहीत. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये जास्वंदीचं कुंपण आहे आणि मी जन्मापासून त्याच्या अलीकडे राहते. परसातला पिकलेला फणस देठापासून सुटला, की तो जमिनीवर आदळायच्या आत पोक डोला बायकोला हाक मारतात, "सारीपा, फणस." मी आमच्या न्हाणीघरात हळू आवाजात गणिताच्या मास्तरांची नक्कल केली, तर कुंपणापलीकडून दुरुस्ती येते: मास्तर "म्हणजे" म्हणायच्या आधी नाक ओढतात, ते राहिलं. त्यांना जगातलं सगळं ऐकू येतं. एकच वाक्य ऐकू येत नाही. माझा पिंजरा कधी मिळणार?

ते वाक्य कुणी कसंही म्हणो. तोके हेंग, म्हणजे हेंगशेठ, यांचंच बघा. बाजारातले रबराचे मोठे व्यापारी, आणि आवाज असा की चुलीवर ठेवलेली किटली. आधी वाफ, मग शिट्टी, मग झाकण उडतं. "डोला, बाबा, जरा सांगशील का रे" ही वाफ. "मागच्या ईदला म्हणालास पुढच्या ईदला" ही शिट्टी. झाकण उडालं की ते आजोबांच्या चिनी बोलीत शिरतात. तिथले शब्द मला अजून येत नाहीत, नुसती चाल येते. हे सगळं संपेपर्यंत पोक डोला कानामागे हाताचा पंजा धरून, चेहरा जरासा पुढे काढून उभे असतात. मग अगदी मनापासून म्हणतात, "हो ना, यंदा आंब्याला मोहोरच नाही."

फारच कुणी ओढून धरलं, तर त्याला एक उत्तर मिळतं. बांबू अजून सुकतोय.

आणि गंमत म्हणजे बांबू खरंच सुकत असतो. पोक डोला तो ओढ्याच्या चिखलात पुरून ठेवतात, म्हणजे पुढे भुंगा लागत नाही. मग स्वयंपाकघरात चुलीच्या वर, धुरात टांगतात. सुकला की चिरतात, त्याच्या काड्या काढतात आणि भोकं पाडलेल्या लोखंडी पट्टीतून एकेक काडी ओढतात. एका बाजूने चौकोनी जाते, दुसऱ्या बाजूने गोल येते. शेवटी फुटक्या बाटलीच्या काचेने तासतात, गालावर फिरवून बघतात, आणि नखाने टिचकी मारतात. टिचकीचा आवाज बद्द आला की काडी थेट चुलीत. त्यामुळे मोक सारीपांची, म्हणजे सारीपाकाकूंची, चूल अख्ख्या मुलखात सगळ्यात महागड्या सरपणावर जळते. त्या भात ढवळता ढवळता म्हणतातही, आज एका पिंजऱ्याची छाती शिजवली, उद्या पाठ.

ते फळीवर पाय पसरून बसतात आणि वेताचं कडं पायाच्या अंगठ्याने धरतात. तो अंगठा म्हणजे त्यांचा तिसरा हात आहे. मशिदीत सगळ्यांच्या पायांत त्यांचे पाय ओळखू येतात. साधे पिंजरे ते भराभर करतात आणि शुक्रवारच्या बाजारात नेतात. त्यावर तांदूळ, मासे आणि बुडूची, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या रसाची, बाटली येते. खास पिंजऱ्यांसाठी घेतलेल्या आगाऊ पैशांवर बाकीचं सगळं झालं: घरावरचे पत्रे, मुलीचं लग्न, जावयाची मोटारसायकल आणि मोक सारीपांच्या हातातल्या बांगड्या, ज्या त्या खास गिऱ्हाईक तावातावाने बोलायला लागलं की मुद्दाम वाजवतात.

खास पिंजरा म्हणजे काय, ते कळायला खालून बघावं लागतं. बाकीचे कारागीर पिंजऱ्याचा माथा सजवतात, वरचा पितळी आकडा मिरवतात. पोक डोला तळ कोरतात. तळाला ते बांबूच्या पात्यांची जाळी विणतात, तिच्यात मोगऱ्याची वेल, वेलीत कुठेतरी एक गोगलगाय. मी लहानपणी विचारलं होतं की तळ कोण बघतो. ते म्हणाले, पिंजऱ्याचं सगळं आयुष्य खांबाच्या टोकाला जातं, खाली उभ्या माणसाला त्याचा तळच दिसणार ना? हिशेब बरोबर होता. फक्त खाली उभा माणूस तळ बघत नाही, होला बघतो.

स्वतः त्यांनी होला कधी पाळला नाही. लोकांना वाटतं बहिरेपणामुळे. खरं कारण असं की एकदा तोकेंनी आपला पक्षी चार दिवस त्यांच्याकडे ठेवायला दिला आणि त्या चार दिवसांत एक काडी तासून झाली नाही. होला घुमला की यांचे हात थांबायचे. होला गप्प झाला की आता कधी घुमेल म्हणून थांबायचे. मोक सारीपांनी पक्षी आणि माणूस यांतला एकच घरात राहील असं सांगितलं, आणि पोक डोलांनी उत्तर द्यायला इतका वेळ लावला की त्यांनी पक्षी स्वतःच परत नेऊन दिला.

आता स्पर्धेचं सांगते. दर वर्षी भातकापणी झाली की शाळेमागच्या मैदानात उंच खांब रोवतात, सकाळच्या उन्हात दोरीने पिंजरे वर चढतात आणि खाली मालक चुटक्या वाजवत, जीभ टाळूला लावत आपापल्या पक्ष्याला बोलकं करायला बघतात. पंच खांबांमधून फिरतात. कुणाचा होला नीट घुमला, म्हणजे सूर स्वच्छ उघडला, मधे थांबला आणि शेवटी गोल होऊन मिटला, तर पंच त्याच्या खांबाच्या बुडाशी झेंडी रोवतात. झेंडी रोवली की माझा धाकटा मामा, पोसू रोनिंग, भोंग्यावरून नाव पुकारतो. माईक तो असा धरतो की जणू वितळायच्या आत चाटून संपवायचाय. "आदरणीय, माननीय, आणि दुपारी जेवायला थांबणारे सर्व रसिकहो," इथून सुरुवात. मग खांब, मग पक्ष्याचं नाव, मग मालकाचं, मालकाच्या वडिलांचं, आणि पोसूने सकाळी चिकटभात जास्त खाल्ला असेल तर आजोबांचंही.

पिंजरा करणाऱ्याचं नाव मात्र पुकारत नाहीत. तशी पद्धतच नाही.

अर्ध्या मैदानावर पोक डोलांचे पिंजरे लटकलेले असायचे आणि ते खाली उभे राहून लोकांच्या आजोबांची नावं ऐकायचे. मागच्या वर्षी घरी येऊन ते मोक सारीपांना म्हणाले, एकदा आपलं नाव त्या भोंग्यावरून ऐकावंसं वाटतं. मोक सारीपा गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेला निळा भात वाढत होत्या.

"नाव घ्यायला लोक रोज दारात येतात की," त्या म्हणाल्या. "नुसतं तुमचं नाही, बापाचंही घेतात."

पोक डोला हसले. कुंपणापलीकडे मीही हसले. पण त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, आणि निळ्या भाताला ते तीनदा घेतल्याशिवाय उठत नाहीत. तेव्हा मला कळलं की हे गमतीत बोलणं नव्हतं. मोक सारीपांनाही कळलं असावं, कारण त्या दिवशी बांगड्या वाजल्या नाहीत.

मी एक उपाय सुचवला. पोसू रोनिंगचा आवाज मला इतका येतो की माझी मामी आतून मला "आले हो" म्हणते. माईक तपासायच्या वेळी पोसू चहाला जातो. तेवढ्यात मी पुकारते, आदरणीय, माननीय, वे डोला बिन वे हामा, चालेल? पोक डोला काडी तासता तासता म्हणाले की नको. मी विचारलं का.

"रोनिंगच्या तोंडून हवं. आणि ते त्याला मनापासून वाटलेलं हवं."

मग मी तोंडाळपणा केला. म्हटलं, पिंजऱ्यात पक्षी नसेल तोवर तुमचं नाव पोसूच्या सात पिढ्या पुकारणार नाहीत. त्यांनी काच खाली ठेवली. म्हणाले, यंदाच पुकारेल, आणि पिंजऱ्यात पक्षी नसेल. पैज लाव.

चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर पैज लागली. ते हरले तर तोके हेंग यांचा पिंजरा आठवड्यात पुरा करायचा, जे चंद्रावर भात लावण्याइतकं शक्य होतं. मी हरले तर शाळेच्या सुट्टीभर त्यांच्या दारात बसायचं आणि "कधी मिळणार" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी उत्तर द्यायचं. तोके तिथेच बसले होते. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, वर साय घालून. माझ्या बाजूने एवढा जीव टाकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यानंतर पोक डोला पैजेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त माझ्या नकलांबद्दल बोलायला लागले. मास्तर आता उत्तम जमतात, म्हणाले. पोसूचं तर विचारूच नको. पण होला काही तुला जमत नाही. मी म्हटलं, मी होल्याची नक्कल करतच नाही. तेच म्हणतो, ते म्हणाले, जमत नाही म्हणूनच करत नसशील.

हे मला ऐकवायला नको होतं. त्या दिवसापासून मी आमच्या मागच्या पेरूवर बसून घुमायला लागले. सुरुवातीला कुंपणापलीकडून निकाल यायचा, हा होला सर्दीचा आहे. मग, हा बरा आहे, पण याचं लग्न मोडलेलं दिसतंय. एकदा नुसताच मोक सारीपांचा आवाज आला की कुणीतरी त्या पक्ष्याला दाणे टाका आणि गप्प करा. शेवटी मी जीभ मागे ओढून, घसा फुगवून, शेवटचा सूर ओठांत मिटवायला शिकले, आणि आमच्या अंगणातल्या रानहोल्याने मला उत्तर दिलं. कुंपणापलीकडे काच तासायची थांबली. बराच वेळ थांबली.

स्पर्धेच्या सकाळी पोक डोला कोरी लुंगी आणि काळी टोपी घालून आले. हातात पिंजरा, वर फुलाफुलांचं कापड. खांबाचं भाडं त्यांनी सगळ्यांसारखंच भरलं. पोसूने यादीत नाव लिहिलं आणि पक्ष्याचं नाव विचारलं. पोक डोला म्हणाले, लाजाळू. पोसूने लिहिलं. मी बाजूला उभी राहून मनात सुट्टीचे बेत आखत होते. लाजाळू काय, पिंजऱ्यात पीससुद्धा नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

पिंजरा वर चढला, दोरीच्या झटक्याने कापड सुटून खाली आलं. कुणी पाहिलं नाही. ऊन डोळ्यांवर होतं, आणि आमच्याकडे स्पर्धेत माणूस आपल्या पिंजऱ्यापलीकडे बघत नाही. शेजारच्या खांबावर तोके हेंग यांचा 'सुलतान' होता, गेल्या वर्षीचा विजेता, आणि तो त्या दिवशी रुसला होता. तोके चुटक्या वाजवत होते, मान तिरकी करत होते, पक्ष्याला त्याच्या आईची शपथ घालत होते. किटलीची नुसती वाफ होत होती.

पलीकडून हाजी मासेंग येत होते. हे आमच्याकडचे सगळ्यात जुने पंच. त्यांचा एक नेम आहे, ते वर बघत नाहीत. पिंजरा पाहिला की मालक आठवतो, मालक आठवला की त्याच्या घरची बिर्याणी आठवते, आणि मग कान खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते हात पाठीमागे बांधून, हनुवटी छातीला लावून, जमिनीकडे बघत चालतात. नवे पंचही आता तसंच चालतात. लांबून वाटतं की सगळ्यांची नाणी हरवलीत.

पोक डोलांनी मला जवळ बोलावलं आणि हातात टोपी दिली, जरा धर म्हणाले. मी त्यांच्या खांबाला टेकून उभी राहिले. त्यांनी तोकेंकडे पाहिलं, मोठा उसासा टाकला.

"बिचाऱ्याचा पक्षी आज तोंड उघडत नाही. कुणी एक हाक दिली असती तर बोलला असता." मग जरा थांबून, "पण राहू दे. तुला कुठलं जमायला."

मी घुमले.

एकदा घुमले आणि वर सुलतानाने मान वळवली. दुसऱ्यांदा घुमले, सूर उघडला, थांबला, गोल होऊन मिटला. तसा पेरूवरही कधी मिटला नव्हता. सुलतान उत्तर देतो का, याकडे माझं सगळं लक्ष. माझ्या पाठीमागे हाजी मासेंग थांबलेत हे मला दिसलंच नाही. तिसऱ्यांदा तर मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा खांबाच्या बुडाशी, माझ्या चपलेपासून वितीवर, पिवळी झेंडी रोवलेली होती आणि हाजी पुढच्या खांबाकडे निघाले होते.

भोंगा खरखरला. "आदरणीय, माननीय, आणि दुपारी जेवायला थांबणारे सर्व रसिकहो. आजची पहिली झेंडी. पक्षी लाजाळू. मालक, आमच्याच गावचे, वे डोला बिन वे हामा बिन वे उसेंग."

पोसूने सकाळी चिकटभात भरपूर खाल्ला होता.

मी पोक डोलांकडे पाहिलं. ते भोंग्याकडे बघत होते, कानामागे हाताचा पंजा धरून. या वेळी खरंच ऐकण्यासाठी. पंजा खाली यायला बराच वेळ लागला. मग त्यांनी माझ्या हातातली टोपी घेतली, नीट डोक्यावर बसवली आणि हाजींच्या मागे गेले.

"हाजी," ते म्हणाले, "एकदा वर बघा."

हाजी म्हणाले की ते वर बघत नाहीत, हे डोलाला माहीत आहे. पोक डोला म्हणाले, झेंडी परत घ्यायला तरी बघावं लागेल. मग हाजी मासेंग यांनी, किती वर्षांनी देव जाणे, मान वर केली. त्यांच्याबरोबर बाकीच्या पंचांनी केली, कारण हाजी करतील ते ते करतात. आणि पंच वर बघतायत म्हटल्यावर सगळ्या मैदानाने केली.

वर रिकामा पिंजरा हलत होता. आत बघायला काही नव्हतं, म्हणून लोकांनी पिंजरा बघितला. तळाच्या जाळीतून ऊन खाली येत होतं आणि मोगऱ्याची वेल सावलीत उतरून हाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली होती. मग तोके हेंग यांच्या किटलीचं झाकण उडालं, पण या वेळी हसण्याने, आणि पुढे मैदानभर जे हसणं झालं त्याची नक्कल एका माणसाला करता येण्यासारखी नाही. गडबडीत सुलतान घुमला, आणि ते कुणी ऐकलं नाही.

पद्धतीप्रमाणे झेंडी काढावी लागली. पद्धतीप्रमाणे तसं पुकारावंही लागलं. पोसू रोनिंगने पुन्हा माईक तोंडाला लावला आणि वे डोला बिन वे हामा बिन वे उसेंग यांची झेंडी परत घेतल्याचं सांगितलं. मग हाजींनी त्याला खुणेने बोलावून कानात काहीतरी सांगितलं, आणि तो तिसऱ्यांदा बोलला, त्याच्या नेहमीच्या चालीत नाही, साध्या आवाजात. ती नक्कल मला अजून येत नाही. तो म्हणाला, पिंजरा ज्यांनी केला त्यांचं नाव वे डोला.

पिंजरा खाली आल्यावर हाजी मासेंग यांनी तो मांडीवर घेतला, उलटा केला, बोटाने वेलीवरून जात गोगलगाय शोधून काढली. खांबाखालून ऐकलेला पक्षी कोण होता, तेही त्यांना आता कळलं होतं. माझ्याकडे पाहून त्यांनी नुसती भुवई उचलली आणि उरलेला वेळ मला मैदानाबाहेर बसवलं. मग ते पोक डोलांकडे वळले.

"असा एक मला हवा. कधी देशील?"

पोक डोलांनी पंजा कानामागे नेला. "हो ना हाजी," ते म्हणाले, "यंदा आंब्याला मोहोरच नाही."

आता सुट्टी लागली आहे आणि मी त्यांच्या दारात, पायरीवर बसून हे लिहिते आहे. पैज मी हरले, यावर मी पुष्कळ वाद घातला. पक्षी नव्हता हे खरं, पण आवाज होता, तो माझा होता, आणि आपल्याच घशाने आपण हरणं हे कायद्यात बसत नाही. चहाच्या टपरीने एकमताने मला हरवलं. मी मतासाठी तोकेंकडे पाहिलं, तर ते म्हणाले, मुली, माझी तर सायही गेली.

गिऱ्हाइकं वाढली आहेत. आता दोन शहरांपलीकडे असं बोललं जातं की पोक डोलांचा पिंजरा रिकामाच घुमतो, आणि काही जण खास तसलाच मागायला येतात. त्यांना मी सांगते की तो बांबू वेगळा असतो आणि सुकायला जास्त वेळ घेतो.

आत्ताच तोके येऊन गेले. वाफ झाली, शिट्टी झाली. मी पंजा कानामागे नेला, चेहरा पुढे काढला, आणि पोक डोलांच्या आवाजात म्हटलं, बांबू अजून सुकतोय. तोके पाय आपटत गेले. मला वाटलं, झकास झालं.

आतून काच तासायची थांबली.

"'अजून'च्या आधी मी जरा श्वास घेतो," पोक डोला म्हणाले. "ते राहिलं. पुढच्याला नीट सांग."